चरित्रांपासून काय घ्यावें?

चरित्रग्रंथ वाचावेत, आणि तरुणांनीं तर ते अवश्य वाचावेत, हा उपदेश आपल्याकडे इतका जुना व इतका सर्वमान्य आहे कीं, त्याविषयीं शंका काढणाऱ्यास लोक अरसिक तरी ठरवितील किंवा उर्मट तरी. शाळेच्या बक्षीससमारंभांत मुलांच्या हातीं जीं पुस्तकें पडतात त्यांत चरित्रांचा भरणा मोठा असतो. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भाच्यास मामा जें पुस्तक देतो तेंहि बहुधा एखाद्या थोर पुरुषाचें चरित्रच असतें. अर्वाचीन मराठी गद्यानें बाळसें धरलें तेव्हांपासूनच ही चाल पडली आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं लिहिलेलें सॉक्रेटिसाचें चरित्र १८५२ सालचें. म्हणजे हा व्यासंग आतां पावणेदोनशें वर्षांच्या घरांत आला. इतक्या दीर्घ व्यासंगानंतर एक साधा प्रश्न विचारणें अप्रस्तुत होणार नाहीं. दुसऱ्याचें आयुष्य वाचून आपण नेमकें काय घेतों? आणि जें घेतों त्याचा आपल्या स्वतःच्या पुढील आयुष्याचा विचार करतांना कांहीं उपयोग होतो काय?

या प्रश्नाचें ठरलेलें उत्तर असें कीं, थोरांपासून आदर्श घ्यावा. उत्तर चांगलें आहे. परंतु आदर्श या शब्दाचा मूळ अर्थ आरसा असा आहे, ही गोष्ट तें उत्तर देणाऱ्यांच्या सहसा ध्यानांत नसते. आरशांत मनुष्य आपलें तोंड पाहतो. आपल्या चरित्रग्रंथांत मात्र वाचकास आपलें तोंड कोठेंच दिसत नाहीं, कारण ते ग्रंथ शेवटाकडून आरंभाकडे लिहिलेले असतात. नायक पुढें मोठा झाला हें लेखकास ठाऊक असतें. म्हणून त्याचे पाय पाळण्यांतच दिसूं लागतात, आठव्या वर्षीं तो बाणेदार उत्तर देतो, बाराव्या वर्षीं त्यास आपल्या कार्याची चाहूल लागते, आणि मग प्रत्येक प्रसंग गाडीच्या डब्याप्रमाणें पुढच्या प्रसंगास जोडला जाऊन सगळी गाडी ठरलेल्या स्थानकावर बिनचूक येऊन उभी राहते. वाटेंत फांटे होते काय, कोणता फांटा नायकानें सोडला, सोडतांना तो किती घुटमळला, हें सांगण्याची लेखकास गरजच वाटत नाहीं. परिणाम असा होतो कीं, एकोणिसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षीं स्वतःच्या आयुष्याच्या फांट्यावर उभा असलेला वाचक तें पुस्तक मिटतो तेव्हां त्याच्या हातीं दोनच गोष्टी राहतात. एक तर आपले पाय पाळण्यांत कोणास दिसले नव्हते याची खंत. किंवा थोर पुरुषाच्या पहाटे उठण्याचें व थंड पाण्यानें स्नान करण्याचें अनुकरण.

आमच्या मतें चरित्राचा खरा उपयोग त्यांतील फांट्यांवर आहे. तें आयुष्य ज्या मुक्कामीं पोंचलें त्या मुक्कामावर नाहीं. मुक्काम ज्याचा त्याचा असतो आणि तो दुसऱ्यास देतां येत नाहीं. पुढचें कांहींच ठाऊक नसतांना एका माणसानें कोणत्या गोष्टी तोलल्या, कोणती जोखीम पत्करली, आणि तिची किंमत कोणीं भरली, एवढें मात्र दुसऱ्यास घेतां येतें. मराठींतील कांहीं आत्मचरित्रें या दृष्टीनें पुन्हां वाचून पाहण्याचा आमचा विचार आहे. आत्मचरित्रें अशासाठीं कीं, आपण कोठें घुटमळलों हें प्रामाणिक मनुष्यास स्वतःच चांगलें सांगतां येतें.

तत्पूर्वीं मुक्कामावरून आयुष्य मोजण्याची रीति किती लंगडी आहे हें एका उदाहरणानें दाखवूं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं एम. डी. झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती, पण तेथें रुजू होण्याइतकें आयुष्य त्यांस लाभलें नाहीं. फळाकडे पाहिलें तर हें एक अपुरें राहिलेलें काम आहे. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, १८८९ सालीं, काशीबाई कानिटकरांस त्यांचें चरित्र लिहावेंसें वाटलें, आणि पुढील कित्येक पिढ्यांनीं तें वाचलें. वाचणाऱ्या मुलींनीं त्यांत यश पाहिलें नसणार, कारण यश पाहण्यास तेथें जागाच नाहीं. जी वाट आपल्यासाठीं नाहीं असें सगळे सांगतात ती चालून पाहतां येते, हीच गोष्ट त्यांस त्या पुस्तकांत दिसली असली पाहिजे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दुसऱ्याच्या चरित्रानें स्वतःच्या आयुष्याची दिशा बदलल्याचें मराठींतील सर्वांत ठळक उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचें आहे, आणि तें त्यांनीं आपल्या ‘निवेदन’ या १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत स्वतःच सांगितलें आहे. गोव्यांतील साखवाळ गांवचा हा तरुण. शिक्षण बेताचें, प्रकृति नाजूक, लग्न लहानपणींच झालेलें, आणि हातीं नारळीच्या बागाइताचें काम. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकांत त्यांनीं बुद्धाचें चरित्र वाचलें आणि त्यांचें चित्त त्या एका विषयावर जडलें. हें मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचें होतें. म्हणजे एका धर्माच्या लोकांनीं चालविलेल्या मासिकांतून दुसऱ्या धर्माच्या संस्थापकाचें चरित्र तिसऱ्या धर्मांत जन्मलेल्या तरुणास मिळालें. कोणतें पुस्तक कोणाच्या हातीं पडून काय करील याचा अंदाज प्रकाशकास नसतो, तसाच तो उपदेशकासहि नसतो.

परंतु ‘निवेदना’चें महत्त्व एवढ्या योगायोगांत नाहीं. बुद्धानें घर सोडलें, म्हणून कोसंबींनींहि घर सोडलें, असा त्याचा सारांश कोणी सांगेल तर त्यानें पुस्तक वाचलेलें नाहीं असें आम्ही म्हणूं. ते एकदां घराबाहेर पडून परत आले, पुन्हां निघाले आणि पुन्हां परतले. हें सर्व त्यांनीं कसलाहि आडपडदा न ठेवतां लिहिलें आहे. १८९९ च्या अखेरीस ते शेवटीं बाहेर पडले तेव्हां त्यांच्यापाशीं आयुष्याचा आराखडा नव्हता. बुद्धाची शिकवण मुळांतून समजून घ्यावयाची, एवढी एक जिज्ञासा होती. त्या जिज्ञासेनें पुढचें एकेक पाऊल दाखविलें. संस्कृत आल्यावांचून गति नाहीं म्हणून पुणें. तेथें पुरेना म्हणून ग्वाल्हेर आणि काशी, व काशींत अन्नछत्राचें जेवण. बौद्धधर्म जिवंत असेल या आशेनें नेपाळ, आणि तेथें निराशा. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि १९०२ सालीं सिंहलद्वीप. नेपाळची निराशा या प्रवासांत फुकट गेली नाहीं. कारण कोठें नाहीं हें कळल्यानेंच कोठें शोधावें हें कळलें. पुढें ब्रह्मदेशांतहि राहून ते भिक्षु म्हणून वावरले. आणि नंतर तीं भिक्षुवस्त्रें उतरवून १९०६ सालीं गोव्यास, आपल्या माणसांत, परत आले. त्यानंतर कलकत्त्यास विश्वविद्यालयांत अधिक वेतन मिळत असतांहि तें सोडून, महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें म्हणून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचें दरमहा पन्नास रुपयांचें साहाय्य त्यांनीं पत्करलें.

बुद्धाचें चरित्र वाचून निघालेला हा मनुष्य बुद्धासारखें आयुष्य जगला नाहीं. तो पालीचा पंडित झाला, प्राध्यापक झाला, गृहस्थाश्रमांत राहिला, आणि आपल्या बांधवांस बुद्ध मराठींत समजावून सांगत राहिला. नकलेपेक्षां ही निष्ठा मोठी आहे असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याच्या आयुष्यांतून त्यांनीं एक प्रश्न उचलला आणि उत्तर स्वतःच्या पायांनीं शोधलें. ज्या वाचकास एखादें चरित्र वाचून घर सोडावेंसें, नोकरी सोडावीशी किंवा धंदा बदलावासा वाटतो, त्यानें आधीं स्वतःस विचारावें कीं, आपणांस त्यांतून प्रश्न मिळाला आहे कीं केवळ एक वेष आवडला आहे? वेष आवडला असेल तर पहिल्या नेपाळापाशींच तो माघारा फिरेल.

दुसरें पुस्तक धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’. हें १९१५ सालीं निघालें, तेव्हां कर्वे सत्तावन्न वर्षांचे होते. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याच्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों. पुस्तकाची भाषा हिशेबाच्या वहीसारखी सरळ आहे, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. १८७५ सालीं मुरुडाहून डोंगर-घाट ओलांडीत पायीं साताऱ्यास परीक्षेला जावें, आणि तेथें वयाचीं सतरा वर्षें पुरीं झालेलीं असतांहि, मुलगा लहान दिसतो एवढ्यावरून परत पाठविलें जावें, हा प्रसंग दुसऱ्या एखाद्या लेखकानें अश्रूंनीं भिजवून काढला असता. कर्वे तो सांगतात आणि पुढें जातात. पुढें कोल्हापुरास ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८१ सालीं, तेविसाव्या वर्षीं, मॅट्रिक झाले. १८८४ सालीं बी. ए. झाले. ज्या वयांत आजचा पालक आपला मुलगा मागें पडला म्हणून अन्न गोड लागूं देत नाहीं, त्या वयांत हा पुढें भारतरत्न होणारा गृहस्थ मॅट्रिकच्या वर्गांत होता.

पण सोसण्याच्या या गोष्टी बाजूस ठेवल्या, तरी ‘आत्मवृत्ता’त खरी शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे, आणि ती म्हणजे मत बदलण्याची त्यांची पद्धति. १८९१ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. त्याच वर्षीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. १८९३ सालीं त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला, आणि मुरुडानें त्यांजवर बहिष्कार टाकला. येथपर्यंतचा मार्ग पाहिला तर पुढें ते जन्मभर पुनर्विवाहाचेच पुरस्कर्ते राहतील असें कोणासहि वाटेल, आणि कांहीं काळ त्यांनीं तें काम केलेंहि. परंतु पुनर्विवाहास तयार होणाऱ्या थोड्या, आणि आधाराविना दिवस कंठणाऱ्या पुष्कळ, हें दिसतांच त्यांनीं कामाचा रोख बदलून १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तेथें शिक्षणास मुख्य स्थान दिलें. ज्या मतासाठीं आपण गांवास मुकलों त्या मतालाच कार्यक्रमांत दुसरें आसन देणें ही सोपी गोष्ट नव्हे. सोसलेल्या दुःखाच्या बदल्यांत मनुष्य आपल्या जुन्या निर्णयाला अधिकच कवटाळून बसतो. एवढें सोसलें तें व्यर्थ कसें म्हणावें, ही वृत्ति आयुष्यें अडकवून ठेवते. कर्व्यांनीं जें सोसलें तें व्यर्थ म्हटलें नाहीं, आणि त्यास बेडीहि होऊं दिलें नाहीं.

आतां त्या आंकड्याकडे वळूं. सत्तावन्नाव्या वर्षीं मनुष्य आत्मचरित्र लिहितो याचा सामान्य अर्थ असा कीं, सांगण्यासारखें होतें तें घडून गेलें. आतां हिशेब पुरा करावा. आणि त्याच १९१५ सालीं जपानांतील स्त्रियांच्या विश्वविद्यालयाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालानें आली. तोकियो येथील ही संस्था १९०१ सालीं स्थापन झालेली. कर्व्यांनीं पुस्तिका प्रथम बाजूस ठेवून दिली. पुढें त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, आणि भाषणांत काय सांगावें याचा विचार करतांना ती पुस्तिका पुन्हां हातीं घेतली गेली. भाषणांत त्यांनीं स्त्रियांच्या विश्वविद्यालयाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें सुरू झालें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि आज तें त्यांच्या मातुश्रींच्या नांवानें ओळखलें जातें. त्यानंतर कर्व्यांनीं सत्तरी उलटल्यावर जगप्रवास केला, १९४४ सालीं समतासंघ काढला, आणि १९६२ सालीं, वयाच्या एकशें पांचव्या वर्षांत, देह ठेवला. म्हणजे आत्मचरित्र लिहून झाल्यावर ते सत्तेचाळीस वर्षें जगले, आणि ज्या कार्यामुळें आज त्यांचें नांव सर्वत्र घेतलें जातें तें त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तींत आलेलेंच नाहीं.

या एका गोष्टीसाठीं तरी ‘आत्मवृत्त’ प्रत्येक मध्यमवयीन वाचकानें वाचावें. चाळिशी उलटलेला सुशिक्षित गृहस्थ आपल्या आयुष्याविषयीं भूतकाळांत बोलूं लागतो. जें व्हावयाचें तें झालें, आतां मुलांचें पाहावयाचें, असें म्हणतो. त्यास वाटतें कीं फांटे तारुण्यांतच येतात. कर्व्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा फांटा टपालानें आला, बाजूस ठेवला गेला, आणि दुसऱ्या निमित्तानें पुन्हां उघडला गेला. येथेंहि त्यांनीं जपानचें अनुकरण केलें असें म्हणणें पुरेसें नाहीं. मातृभाषेंतून शिक्षण देण्याची व स्त्रियांच्या गरजा पाहून अभ्यासक्रम आंखण्याची जी आवश्यकता त्यांस हिंगण्याच्या अनुभवावरून आधींच जाणवत होती, तीस त्या पुस्तिकेनें आकार दिला. दुसऱ्याचा मार्ग उपयोगी पडतो तो असा. आपल्यापाशीं अर्धवट तयार असलेल्या गोष्टीस तो पूर्ण होण्याचें धैर्य देतो. ज्याच्यापाशीं अर्धवट तयार असें कांहींच नाहीं, त्यास शंभर चरित्रें वाचूनहि हातीं कांहीं लागणार नाहीं.

एकच उदाहरण डोळ्यांपुढें असतां दोन माणसें त्यांतून दोन भिन्न निर्णय घेऊं शकतात काय? याचें उत्तर कर्व्यांच्याच घरांत आहे. पुनर्विवाहानंतर आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीहि तरुणपणींच विधवा झाली होती. पदरीं एक मुलगा होता. बहिणीचा संसार उभा राहिलेला ती रोज पाहत होती, आणि तिनेंहि तोच मार्ग धरावा असें तिला सुचविण्यांतहि आलें. तिनें तो धरला नाहीं. आश्रमाच्या कामास वाहून घेणें तिला अधिक पटलें. ती गांवोगांव वर्गणी गोळा करीत हिंडली, पुढें तिनें विधवेची वेषभूषा व केशवपन सोडून दिलें, आणि १९१८ सालीं, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयांत, इंग्रजी शिकण्यासाठीं व संस्थेसाठीं अमेरिकेस गेली. तेथें लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करून ती राहिली. तिची ‘माझी कहाणी’ १९२८ सालीं प्रसिद्ध झाली. आनंदीबाईंचें ‘माझें पुराण’ १९४४ सालचें आहे. हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावींत अशी आमची शिफारस आहे. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींवर एकच आपत्ति, दोघींपुढें एकच घर. आणि दोघींचे निर्णय भिन्न असून दोन्ही खरे. बहिणीचें उदाहरण पार्वतीबाईंस निरुपयोगी ठरलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. विधवेनें स्वतःविषयीं निर्णय घेणें हीच गोष्ट जेथें अघटित होती, तेथें ती घडूं शकते हें तिला बहिणीनें दाखविलें. निर्णय कोणता घ्यावयाचा तें तिचें तिनें ठरविलें.

‘माझें पुराण’ वाचण्याचें आणखी एक कारण आहे. ‘आत्मवृत्ता’तील त्याग तेथें दुसऱ्या बाजूनें दिसतो. कर्त्याची मिळकत संस्थेकडे वाहत असतां घर चालविण्याची ओढाताण कोणाच्या वांट्यास आली, मुलांच्या पुढच्या सोयीची चिंता कोणीं वाहिली, हें बायांनीं मोकळ्या व रोखठोक भाषेंत सांगितलें आहे. आणि गंमत अशी कीं, त्याच संस्थेसाठीं पुढें त्या स्वतःहि दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. कोसंबी ज्ञानाच्या शोधांत बाहेर पडले तेव्हां घरीं तरुण पत्नी व तान्ही मुलगी होती. त्या पत्नीचें पुस्तक आपल्याजवळ नाहीं. असतें तर ‘निवेदना’च्या शेजारीं तेंहि ठेवावयास आम्हीं सांगितलें असतें. हें लिहिण्यांत कोसंबींस किंवा कर्व्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जो वाचक दुसऱ्याच्या धाडसावरून आपल्या भविष्याचा विचार करतो, त्यानें त्या धाडसाचें बिल कोणाच्या नांवें निघालें हें पाहिलेंच पाहिजे. कारण उद्यां त्याचेंहि बिल घरांतील कोणाच्या तरी नांवें निघणार आहे, आणि त्या माणसास आधीं विचारण्याची संधि अजून गेलेली नाहीं.

चौथें पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचें. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत निघालीं, आणि तीं विनोदासाठीं वाखाणलीं जातात तें योग्यच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व त्यांच्या जन्मकथेंत आहे. रेव्हरंड टिळकांचें चरित्र लिहावें असें मुलाच्या मनांत आलें, आणि त्यासाठीं आईनें आठवणी द्याव्यात असें ठरलें. म्हणजे लक्ष्मीबाई लिहावयास बसल्या त्या दुसऱ्याचें आयुष्य सांगण्यासाठीं. तें सांगतां सांगतां त्यांचें स्वतःचें आयुष्य त्यांस सांपडलें, आणि आज टिळकांना कित्येक वाचक ओळखतात ते त्यांच्या या पुस्तकामुळें.

दुसरी गोष्ट त्यांच्या कथनपद्धतीची. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढील सुमारें पांच वर्षें लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, मग पतीकडे आल्या, आणि कालांतरानें स्वतःच्या विचारानें त्याच धर्मांत गेल्या. पुस्तक लिहितेवेळीं त्यांस ख्रिस्ती होऊन तीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. असें असतां १८९५ चें आपलें दुःख त्यांनीं दुःखच राहूं दिलें आहे. पुढें जें कळलें त्याचा उजेड त्या मागच्या अंधारांत त्या नेत नाहींत. सोवळ्यांत गुरफटलेली, रडणारी, रागावणारी ती स्त्री तेव्हां जशी होती तशी आपल्यासमोर उभी करतात आणि तिच्या फजितीवर स्वतःच हंसतात. पाळण्यांतले पाय दाखविणाऱ्या चरित्रकारांनीं हा धडा गिरवावा. वाचकासहि तो उपयोगी आहे. कारण आज जें मत आपणांस अढळ वाटतें तें तीस वर्षांनीं आपल्यालाच हंसू आणील, हें कळलेला मनुष्य आपल्या भविष्याविषयीं थोडा कमी हट्टानें बोलतो.

येथपर्यंत ज्यांचा उल्लेख केला तीं सर्व माणसें कष्टांतून वर आलीं हें खरें. परंतु अक्षरओळख व्हावी, पुस्तक हातीं यावें, शाळेच्या ओटीवर बसूं द्यावें, एवढें तरी त्यांच्या जन्मानें त्यांस मिळवून दिलें होतें किंवा मिळणें शक्य केलें होतें. मराठी आत्मचरित्राच्या पुढील इतिहासानें ही बाजू उघडी केली. दया पवारांचें ‘बलुतं’ १९७८ सालीं, लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं, आणि बेबी कांबळे यांचें ‘जिणं आमुचं’ १९८६ सालीं पुस्तकरूपानें आलें. या पुस्तकांत फांटे क्वचित् नायकाच्या निवडीचे असतात. बहुधा एक दार बंद असतें आणि दुसरें कोणीतरी अर्धवट उघडें ठेवलेलें असतें. सुशिक्षित घरांतील वाचक हीं पुस्तकें वाचून हळहळतो व नायकाच्या जिद्दीचें कौतुक करतो. हळहळ आणि कौतुक दोन्हीं स्वस्त आहेत. आपण ज्यास आपली हुशारी म्हणत आलों तिचा केवढा भाग म्हणजे नुसतें उघडें दार होतें, हा हिशेब त्यानें मांडावा, आणि आपल्या मुलाच्या भविष्याची आंखणी करतांना तें दार आणखी कोणासाठीं उघडें आहे हेंहि पाहावें. या पुस्तकांचें वाचन तेव्हां पुरें झालें असें म्हणतां येईल.

‘बलुतं’च्या रचनेंत आणखी एक मर्म आहे. तेथें दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो; दोघे अर्थातच एकच. शिकून पांढरपेशा झालेला मनुष्य आपल्याच मागल्या आयुष्यापुढें, तें परक्याचें असावें तसा, ऐकत बसला आहे. प्रत्येक वाचकानें कधीं तरी ही बैठक घालावी असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याचें आयुष्य जितक्या कुतूहलानें आपण वाचतों तितक्या कुतूहलानें आपलें वाचीत नाहीं. तेथें आपण एकदम वकील तरी होतों किंवा फिर्यादी तरी. आपल्या आयुष्याकडे थोडें परकेपणानें पाहण्याची संवय चरित्रवाचनानें लागावी, आणि मग त्यांतले अजून बुजले न गेलेले फांटे दिसूं लागावेत, हें त्या वाचनाचें आम्हांस दिसणारें मोठें फळ आहे.

एक आक्षेप राहिला. कोणी म्हणेल कीं, तरुण मनास निश्चित आदर्श हवा असतो. त्यास फांटे, घुटमळणें व माघारी येणें दाखविलें तर तें गोंधळून जाईल. आम्हांस उलट वाटतें. ज्या मुलानें केवळ बिनचूक चाललेलीं आयुष्यें वाचलीं आहेत, तो पहिल्या अपयशास आपल्या नालायकीचा पुरावा समजतो. ज्यानें साताऱ्याहून परत पाठविलेला सतरा वर्षांचा मुलगा पाहिला आहे, आणि नेपाळांत निराश झालेला कोसंबी पाहिला आहे, त्यास अपयश हें वाटेंतील एक गांव वाटेल. निश्चय त्यालाच अधिक लागणार आहे, कारण त्यानें पत्करलेला मार्ग दुसऱ्या कोणाच्या वहींतून उतरवून घेतलेला नसेल.

तेव्हां चरित्रकारांस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं आपल्या नायकाचे सोडलेले मार्गहि नमूद करावेत. त्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणें त्यांच्याच तोंडून ऐकवावें, कारण पुष्कळदां त्यांत तथ्य असतें. पैसा कोठून आला व घर कोणीं चालविलें हें लिहावें. वाचकांस विनंति अशी कीं, निर्णयाचा प्रसंग आला म्हणजे पुस्तक क्षणभर मिटावें, येथें आपण काय केलें असतें हें स्वतःस विचारावें, आणि मग पुढचें पान उलटावें. आणि जे मामा-काका परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांस चरित्रें भेट देतात, त्यांनीं तीं पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून खुशाल द्यावींत. मात्र देण्यापूर्वीं एकवार स्वतः वाचून काढावींत. त्यांचींहि सगळीं वर्षें अजून संपलेलीं नसतात.